नागपुरातले गाण्याचे क्लास: मूल टिकतं कुठे आणि सुटतं कुठे

एप्रिल लागला की धरमपेठेपासून मनीषनगरापर्यंत अपार्टमेंटच्या फाटकांवर गाणं, तबला, हार्मोनियम शिकवण्याच्या पाट्या दिसू लागतात. विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात, त्यामुळे ही लांब सुट्टी म्हणजे क्लासवाल्यांचा भरतीचा हंगाम. बॅच भरतात. पोळ्यापर्यंत त्याच सतरंज्यांवर जागा मोकळ्या दिसायला लागतात आणि आई-वडील सांगतात, "त्याला आवडच नाही नं गाण्याची."

हे कारण आम्हाला पटत नाही. आवड नव्हती म्हणून गाणं सोडणारी मुलं थोडी. क्लासमधून घरी आल्यावर पेटीसमोर बसून नेमकं काय करायचं हे न कळल्यामुळे सोडणारी पुष्कळ. आठवड्यातून दोन दिवस क्लास असतो, पाच दिवस नसतो. त्या पाच दिवसांची सोय जो क्लास लावतो, तिथे मूल टिकतं. सर किती मोठे गवई आहेत, हॉलला एसी आहे का, भिंतीवर किती प्रमाणपत्रं टांगली आहेत, हे सगळं त्यानंतरचं. म्हणून शहरात मिळणाऱ्या चार तऱ्हांच्या शिकवण्या आम्ही याच एका मापाने तोलल्या आहेत. कुठल्याही क्लासचं नाव घेतलेलं नाही. एकाच पाटीखाली दोन शिक्षक दोन तऱ्हेने शिकवतात, त्यामुळे नावावरून निवड करून फारसं काही साधत नाही.

आधी घरगुती क्लास. ताईंच्या समोरच्या खोलीत सहा-सात मुलं, एक पेटी, मोबाइलवर तानपुरा. आठ-दहा वर्षांच्या मुलासाठी आमची पहिली पसंती हीच. इंग्लंडमध्ये जॉन स्लोबोडा आणि मायकेल हाऊ यांनी चांगल्या तयारीच्या तरुण वादकांशी बोलून त्यांच्या सुरुवातीच्या शिक्षकांबद्दल विचारलं होतं. त्या मुलांना आपले पहिले शिक्षक आठवत होते ते मायाळू आणि गप्पिष्ट म्हणून. कडक शिस्तीचा मान पुढच्या शिक्षकांना मिळाला. नागपुरातल्या घरगुती क्लासचं बळ तेच आहे. ताई मुलाला नावानं ओळखतात, दोन वेळा आला नाही तर घरी फोन जातो, आणि चुकलं तरी खोलीत सहाच जण ऐकत असतात.

खोट असते ती गृहपाठात. "सराव करून ये" हा गृहपाठ नव्हे. मुलाच्या वहीत असं काही लिहिलेलं सापडलं पाहिजे: पट्टी (पेटीवरचा आपला ‘सा’) काळी पाच. पंचमाचा तानपुरा. भूप रागाचा आरोह-अवरोह (चढते-उतरते स्वर) आकारात पाच वेळा, सावकाश. तिसरा अलंकार (स्वरांचा पलटा) बरोबरीत तीन वेळा, दुगुनीत (दुप्पट लयीत) तीन वेळा. बंदिशीची फक्त स्थायी (पहिला भाग), हातावर त्रिताल (सोळा मात्रांचा ताल) धरून तीन वेळा. एकूण वीस मिनिटं. एवढं लिहायला शिक्षकाला दोन मिनिटं लागतात, आणि त्या दोन मिनिटांवर पुढचे पाच दिवस उभे राहतात.

यातला "हातावर ताल धरून" हा तुकडा सर्वांत आधी गळतो, आणि त्याचं नुकसान मोठं असतं. छोट्या ख्यालाच्या, म्हणजे जलद लयीतल्या, कितीतरी बंदिशी त्रितालात खालीवरून, म्हणजे नवव्या मात्रेवरून उठतात. मूल घरी ताल न धरता गातं, तेव्हा मुखडा (बंदिशीची सुरुवात) त्याच्या कानाला पहिल्या मात्रेवरून सुरू झाल्यासारखा वाटतो. पाच दिवस तो तसाच घोटला जातो. सहाव्या दिवशी क्लासमध्ये तबला लागतो, सम (तालाची पहिली मात्रा) भलतीकडे पडते आणि सगळ्यांसमोर त्याला थांबवलं जातं. पोरानं मेहनत केलेली असते, पण चुकीची पक्की झालेली असते. असं तीनदा झालं की चौथ्यांदा त्याचं पोट दुखतं. पालकांना एवढंच करता येतं: मूल गाताना शेजारी बसायचं आणि त्याचा हात चालू आहे का ते पाहायचं. टाळी पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला, नवव्याला हात बाजूला. गाण्यातलं काही कळत नसलं तरी हे पाहता येतं.

घरगुती क्लासला पाचपैकी चार. बॅच दहाच्या वर गेली तर अडीच. हिशेब सोपा आहे. साठ मिनिटांतली दहा बसण्या-उठण्यात आणि पेटी-तबला लागेपर्यंत जातात. उरलेली पन्नास बारा मुलांत वाटली तर एकाच्या वाट्याला जेमतेम चार मिनिटं येतात. समूहात गाणारं मूल शेजाऱ्याच्या आवाजात लपतं. बेसूर गेलेलं त्याला स्वतःला ऐकू येत नाही आणि शिक्षकालाही नाही.

दुसरी तऱ्हा म्हणजे परीक्षांचं केंद्र असलेली किंवा परीक्षेला बसवणारी विद्यालयं. शहरातले जास्तीत जास्त पालक इथेच येतात, आणि सर्वांत जास्त मुलं सुटतात तीही इथूनच, म्हणून यावर जरा थांबू. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. त्यांच्या शिष्यांनी पुढे उभ्या केलेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा आज आपल्याकडे सर्वाधिक चालतात. प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण, मग विशारद आणि अलंकार. ही शिडी उत्तम आहे. कुठवर आलो हे मुलाला दिसतं, आणि बाहेरचा परीक्षक ऐकतो म्हणून तयारीला धार येते. दोष शिडीचा नाही, ती चढवण्याच्या घाईचा आहे.

परीक्षा वर्षातून दोन सत्रांत होतात. काही वर्ग दर सत्राला एक पायरी चढवायला बघतात, कारण दहावीच्या आधी ठरावीक परीक्षा झाल्या की बोर्डाच्या निकालात वाढीव गुण मिळतात आणि पालक ती मोजणी पाचवीपासूनच करत असतात. चार-पाच महिन्यांत इतके राग बसवायचे, तर एकच वाट उरते: पाठांतर. सर ताना (स्वरांच्या जलद ओळी) लिहून देतात, मूल पाठ करतं. आठ मात्रांच्या चार, सोळा मात्रांच्या दोन. परीक्षा होते, पहिला वर्ग मिळतो, दोन महिन्यांत राग पुसला जातो. अशा मुलाला "हीच तान समेऐवजी पाचव्या मात्रेपासून घे" असं सांगून बघा. ते गोंधळतं, कारण तान त्याची नसतेच.

हे प्रवेशिकेपर्यंत खपतं. मध्यमेत विलंबित, म्हणजे अगदी संथ लयीतल्या ख्यालावर भर येतो. तिथे एकतालाच्या एका आवर्तनात (फेरीत) भरायची जागा इतकी मोठी असते की पाठांतर पुरत नाही. आलापी (रागाचा संथ विस्तार) स्वतः करावी लागते, एक-एक स्वर वाढवत न्यावा लागतो. पाच वर्षं शिकलेल्या मुलाला इथे पहिल्यांदा कळतं, की आपल्याला गाता येत नाही, म्हणता येतं. हा धक्का नेमका आठवी-नववीत बसतो. त्याच वेळी ट्यूशनच्या वेळा वाढतात, आणि सगळे म्हणतात अभ्यासामुळे गाणं सुटलं. अभ्यास हे निमित्त असतं. भिंत आधीच आलेली असते.

चांगलं विद्यालय ओळखायची खूण म्हणून एक प्रश्न विचारा: "एका परीक्षेनंतर दुसरीला किती वेळ लावता?" जे "वर्ष तरी लागेल, मुलावर आहे" म्हणतात तिथे नाव घाला. दुसरी खूण कानाने कळते. प्रवेशिकेच्या वर्गाबाहेर दहा मिनिटं उभं राहा. मुलं दुर्गा किंवा देस रागातल्या दोन-दोन, तीन-तीन स्वरांच्या ओळी स्वतः जुळवून म्हणत असतील, अडखळत का होईना, तर मध्यमेची भिंत त्यांना फार उंच लागणार नाही. सगळी खोली एकच तान एका सुरात घोकत असेल, तर निकाल शंभर टक्के लागेल आणि पुढची बॅच निम्मी असेल. घाई न करणाऱ्या विद्यालयाला आमच्याकडून साडेचार. घाई करणाऱ्याला दोन, आणि ते दोन लेखी परीक्षेची तयारी नीट करून घेतात म्हणून.

मुलग्यांबद्दल वेगळं लिहायला हवं, कारण याकडे शहरात कुणी फारसं लक्ष देत नाही. बारा ते पंधराच्या दरम्यान मुलाचा आवाज फुटतो. बॅच ताईंची, बहुतेक मुली, पट्टी काळी चार. कालपर्यंत हा मुलगा मुलींबरोबर त्याच सप्तकात आरामात गात होता. आता मध्य सप्तकात धैवत-निषादाकडे गेला की आवाज फाटतो, आणि खालच्या सप्तकात उतरला तर मंद्रात नुसती कुजबुज निघते. बाजूला हसू येतं. पुढच्या आठवड्यापासून तो क्रिकेटला जातो. दोन वर्षांनी ज्याचा आवाज उत्तम लागला असता असा मुलगा असा जातो, आणि क्लास म्हणतो "मुलं टिकतच नाहीत गाण्यात."

यावर उपाय आहे आणि तो अवघड नाही. त्याला सहा महिने वेगळं बसवायचं, आठवड्यातून वीस मिनिटं पुरेत. तानपुरा अर्ध्या-अर्ध्या सुराने खाली आणत जायचा आणि जिथे षड्जापासून पंचमापर्यंतचे पाच स्वर विनासायास लागतात तिथे थांबायचं. बहुतेकांचा मुक्काम पुढे काळी एक किंवा पांढरी दोनच्या आसपास पडतो, पण तो रस्त्यात हलत असतो, म्हणून दर महिन्याला पट्टी पुन्हा तपासायची. या काळात तार (वरचं) सप्तक बंद. जोर लावून गाणं बंद. त्याऐवजी लयीचं काम भरपूर द्यायचं: ठेके हातावर म्हणणं, दुगुन-चौगुन, पेटीची साथ, तबल्याची ओळख, ऐकणं. आणि त्याला शब्दांत सांगायचं, की हे सगळ्यांचं होतं आणि संपतं. नाव घालताना विचारा, "आवाज फुटला की तुम्ही काय करता?" उत्तर आलं नाही तर मुलग्यासाठी तो क्लास बाराव्या वर्षापर्यंतचा समजा.

शाळेतले आणि सुट्टीतले वर्ग पटकन आटपू. तीन आठवड्यांत पाच गाणी, शेवटच्या दिवशी स्टेज, टाळ्या, फोटो. मुलाला स्टेजची भीती राहत नाही, हा खरा फायदा. शिक्षण म्हणून दीड. शिबिरातून उठलेल्या मुलाला जुलैत सा लावून बसवलं की पहिल्या दिवसापासून निराशा येते. म्हणून शिबिर आवडलं तर तिथेच, मेमध्येच, नियमित वर्गाची चार सत्रं करून मगच जूनची फी भरा.

ऑनलाइनला वय आणि तयारी पाहून गुण द्यावे लागतात. आठ वर्षांच्या मुलाला एक, मध्यमेच्या पुढच्या विद्यार्थ्याला एकास-एक शिकवणी असेल तर चार. आवाज पोहोचायला वेळ लागतो, त्यामुळे गुरु-शिष्याला एकत्र गाता येत नाही. तानपुरा शिष्याच्या बाजूला लावायचा, गुरूंनी म्हणायचं, शिष्याने मागून म्हणायचं. झूम वापरत असाल तर आवाजाच्या सेटिंगमधलं ओरिजिनल साउंड चालू करा. नाहीतर ते ॲप तानपुऱ्याला पंख्याचा आवाज समजून गाळून टाकतं आणि लांबवलेला स्वर मध्येच तुटतो. इअरफोन वायरचे घ्या, ब्लूटूथचे उशीर आणखी वाढवतात. कित्येकांनी ऑनलाइन सोडलं ते या दोन बारीक गोष्टींपायी.

आता वाद्यं, कारण घरचं वाद्य बिघडलेलं असेल तर चांगला क्लासही हरतो. नागपूरचा उन्हाळा पंचेचाळीसला टेकतो आणि घरोघरी कुलर लागतो. मूल सरावाला बसतं ते कुलरच्या झोतासमोर, कारण दुसरीकडे बसवत नाही. मेच्या कोरड्या हवेत तबल्याची पुडी (वरचं कातडं) आवळते, सूर चढतो, कधी चाटेजवळ (कडेजवळ) चिरते. तोच तबला कुलरच्या ओल्या हवेत अर्धा तास राहिला की पुडी सैल पडते आणि सूर उतरतो. दुपारी लावलेला तबला संध्याकाळी बोलत नाही. मुलाला वाटतं आपला ‘ना’ हा बोल बिघडला. तबला-डग्गा कुलरच्या रेषेतून बाहेर, जाड गवसणीत ठेवा. मे महिन्यात वापर नसेल तर गठ्ठे (वादीखालचे लाकडी ठोकळे) थोडे वर सरकवून ताण कमी करा. गजऱ्यावर (पुडीच्या कडेच्या वेणीवर) वरून हातोडी मारली की सूर चढतो, खालून मारली की उतरतो, आणि ठोकताना शाईच्या (मधल्या काळ्या ठिपक्याच्या) जवळपास जायचं नाही, हे क्लासने पहिल्या महिन्यातच मुलाच्या हातून करून घ्यायला हवं. तबला लावता न येणारा विद्यार्थी घरी बेसूर वाद्यावर सराव करतो आणि कंटाळतो. कुलरच्या आवाजात तानपुराही ऐकू येत नाही, तेव्हा उन्हाळ्यात सराव सकाळी सहा-सातला, कुलर बंद ठेवून करा.

पेटी घेताना बाहेरचं पॉलिश पाहू नका. भाता भरा, एकही सूर न दाबता सोडा. आपोआप कुठला सूर वाजला किंवा भाता झटकन बसला तर पेटी परत. मग मोबाइलवरच्या ट्यूनरने मध्य सप्तकातले बारा सूर एक-एक तपासा. पावसाळ्यात सूर दाबल्यावर वर येत नसेल तर लाकूड फुगलेलं असतं. घासत बसू नका, कारागिराला दाखवा. मूल गाताना प्रत्येक स्वर पेटीवर वाजवत असेल तर आठवड्यातले दोन दिवस पेटी बंद आणि नुसता तानपुरा ठेवा. पेटीच्या कुबड्या घेऊन गाणाऱ्याला स्वतः स्वर शोधल्याचा आनंद कधी मिळत नाही, आणि पोरं टिकतात ती त्याच आनंदावर.

घरात होणाऱ्या बोलण्याचाही परिणाम होतो. ऑस्ट्रेलियातले संगीतशिक्षणाचे अभ्यासक गॅरी मॅकफर्सन यांनी शाळेत वाद्य शिकू लागणाऱ्या मुलांना सुरुवातीलाच विचारलं होतं, की हे किती काळ वाजवाल. पुढे दिसलं ते असं, की खूप वर्षं वाजवायचं मनात धरलेली मुलं तेवढ्याच सरावात इतरांच्या बरीच पुढे गेली. आपल्याकडे नाव घालतानाच मुलासमोर म्हटलं जातं, "एक वर्ष करून बघ, नाही जमलं तर सोडून दे." मुलाच्या डोक्यात पहिल्या दिवशीच तारीख पडते. आणि "शिकून करणार काय?" असं विचारणाऱ्या काका-मामांना सिव्हिल लाइन्समधल्या सभागृहावर ज्यांचं नाव आहे त्या डॉ. वसंतराव देशपांड्यांबद्दल सांगा. त्यांचं सुरुवातीचं शिक्षण याच नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे झालं, आणि पुढे कितीतरी वर्षं त्यांनी मिलिटरी अकाउंट्सची नोकरी करत गाणं सांभाळलं. दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र त्यांच्या नावाने समारोह घेतं. मुलाला तिथे एक संध्याकाळ न्या. बक्षीस समारंभाच्या चाळीस गाण्यांपेक्षा समोर बसून ऐकलेला एक ख्याल जास्त दिवस पुरतो. तासभर बसलं तरी पुष्कळ, मध्येच झोपलं तर झोपू द्या.

मोठ्या वयात पुन्हा शिकायला येणाऱ्यांना, विशेषतः चाळिशी-पन्नाशीतल्या बायकांना, मुलांच्या बॅचमध्ये कोंबणारे क्लास टाळावेत. त्यांचा आवाज खाली आलेला असतो, काळी चारचा हट्ट धरला तर घसा बसतो. पांढरी चार किंवा काळी तीनवर त्या छान गातात. त्यांना परीक्षा नको असेल तर लावू नये. भावगीतातून रागाकडे आणता येतं, उलट नेण्याची घाई नको.

दहावी-बारावीच्या वर्षासाठी क्लास काय देतो, हे फी भरण्याआधी स्पष्ट करून घ्या. "पूर्ण या नाहीतर नाव काढा" म्हणणाऱ्यांकडून मुलं परत येत नाहीत. पंधरा दिवसांतून एकदा अर्धा तास, फी निम्मी, घरी रोज दहा मिनिटं खर्ज (खालच्या स्वरांचा रियाज) आणि एक झालेला राग, एवढा धागा ठेवला तर जूनमध्ये मूल आपणहून येऊन बसतं. असा पर्याय काही शिक्षक देतात, पण पाटीवर लिहीत नाहीत, विचारावं लागतं. तीन महिन्यांची फी आगाऊ मागत असतील तर पहिला महिना सुटा भरू द्या म्हणा. सर दौऱ्यावर असताना कोण शिकवतं, बुडालेला तास भरून मिळतो का, परीक्षेची फी वेगळी का, हेही त्याच बैठकीत विचारा.

क्लास बदलायचाच झाला तर परीक्षेच्या तोंडावर बदलू नका. आणि पहिल्या शिक्षकांना सांगून निघा, कारण नव्या शिक्षकांना मुलाची पट्टी, झालेले राग आणि अडणाऱ्या जागा कळायला हव्यात. ती माहिती जुन्या वहीत असते. वही नीट लिहिलेली असेल तर नव्या क्लासमध्ये मूल पहिल्याच दिवशी गायला बसतं. वही कोरी असेल तर त्याला पुन्हा सारेगमपासून सुरुवात करावी लागते, आणि दुसऱ्यांदा सारेगमपासून सुरू केलेलं मूल फार दिवस राहत नाही.